खरारा लहान श्वानाचा : भिलाई परिसरात भारतीय स्पिट्झची ओळख आणि निगा

बैलाला खरारा करणारा शेतकरी केवळ त्याच्या अंगावरची धूळ झाडत नसतो. हात फिरत असताना खांद्यावरची सूज, मानेखालचे गोचीड, जुवामुळे सोललेली कातडी, एखाद्या पायाला हात लावताच होणारी चुळबुळ हे सारे त्याच्या ध्यानात येते. खरारा ही स्वच्छता असते, त्याचप्रमाणे ती रोजची तपासणीही असते. घरातील लहान केसाळ श्वानालाही हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच, की गायीबैलांच्या आखूड केसांतून त्वचेवरचा दोष नजरेला पडतो. स्पिट्झसारख्या श्वानाच्या दाट केसांखाली तो अनेक दिवस झाकलेला राहतो. म्हणून या श्वानाच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विसंबावे लागते.

पशुपालनविषयक वार्तापत्रात घरगुती श्वानाचा विषय काहींना गौण वाटेल. तथापि भिलाई, दुर्ग, पाटण व धमधा या पट्ट्यात काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना गोठ्यातील जनावरांबरोबर दारातील श्वानाविषयीही प्रश्न विचारले जातात. गोचिडांवर कोणते औषध लावावे, उन्हाळ्यात केस कापावेत काय, लस कधी द्यावी, हे ते प्रश्न होत. उत्तर चुकले तर श्वान दगावू शकतो. रेबीजच्या बाबतीत माणसाचाही जीव धोक्यात येतो. त्यामुळे या विषयाची शास्त्रीय माहिती कार्यकर्त्याजवळ असणे आवश्यक आहे.

परिसर आणि श्वान

१९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत वसली. देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. वसाहतीच्या सीमेपलीकडे लगेच धानाची शेते सुरू होतात. कारखान्यातील नोकरी आणि गावाकडची शेती अशी दुहेरी वहिवाट असलेल्या घरांत श्वानही दोन्ही ठिकाणी वावरतो. आठवडाभर तो क्वार्टरच्या अंगणात असतो आणि सुटीच्या दिवशी शेतावरच्या गोठ्यात. शेतातील चिखल, गोठ्यातील कीटकनाशक, अंगणातील गोचीड आणि मे महिन्यातील ऊन या चारही गोष्टींशी त्याचा संबंध येतो. निगेचा विचार करताना हे चारही घटक लक्षात घेतले पाहिजेत.

स्पिट्झ आणि पॉमेरेनियन : नावाचा घोळ

आपल्याकडे पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार शेपटीच्या, टोकदार कानांच्या लहान श्वानाला सर्रास ‘पॉमेरेनियन’ किंवा ‘पामेलियन’ म्हटले जाते. प्रत्यक्षात यांतील बहुतेक श्वान भारतीय स्पिट्झ या जातीचे असतात. ‘स्पिट्झ’ हा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ ‘टोकदार’ असा आहे. निमुळते तोंड व उभे कान यांवरून हे नाव पडले. ब्रिटिश अमदानीत युरोपातून जर्मन स्पिट्झ जातीचे श्वान भारतात आले आणि येथील हवामानात तग धरणाऱ्या पिलांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास होत गेली. त्यातून आजचा भारतीय स्पिट्झ घडला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत तो मध्यमवर्गीय घरांत विशेष लोकप्रिय होता. १९९४ साली प्रदर्शित झालेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील ‘टफी’ हा याच जातीचा.

खरा पॉमेरेनियन हा त्याच घराण्यातील, परंतु खुजा केलेला प्रकार आहे. बाल्टिक समुद्रकाठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून त्याला हे नाव मिळाले. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्स येथून ‘मार्को’ नावाचा लहान श्वान आणला, तेव्हापासून ठेंगण्या आकाराची आवड वाढली. आज पॉमेरेनियनचे वजन साधारणपणे दोन ते साडेतीन किलो असते. भारतीय स्पिट्झच्या लहान प्रकाराचे वजन सुमारे ५ ते ७ किलो भरते. मोठा प्रकार याहून बराच वजनदार असतो. स्पिट्झचे तोंड अधिक लांब, कान अधिक मोठे आणि पाय अधिक उंच असतात. पांढरा रंग बहुसंख्य असला तरी तपकिरी, काळे व मलईच्या रंगाचे श्वानही आढळतात.

हा फरक केवळ नावापुरता नाही. औषधाची मात्रा वजनावर ठरते. ‘पॉमेरेनियन आहे’ एवढ्या माहितीवर अंदाजाने दिलेले औषध अडीच किलोच्या श्वानाला अतिमात्रेत आणि सात किलोच्या श्वानाला अपुरे पडू शकते. म्हणून श्वानाचे वजन दर महिन्याला करून नोंदवून ठेवावे. आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, नंतर श्वानाला उचलून पुन्हा उभे राहावे आणि दोन आकड्यांतील फरक घ्यावा.

स्वभावाची ओळख

भारतीय स्पिट्झ सावध, चपळ व बुद्धिमान असतो. अनोळखी पावलांची चाहूल लागताच तो भुंकतो. आकार लहान असूनही राखणीची जाणीव त्याच्या अंगी असते. घरातील माणसांचा त्याला फार लळा असतो आणि दीर्घकाळ एकटे राहणे त्याला मानवत नाही. साखळीने बांधून ठेवलेला स्पिट्झ अकारण भुंकू लागतो, स्वतःचे पंजे चाटतो, कधी चावराही बनतो.

पिलू ३ ते १४ आठवड्यांचे असतानाचा काळ त्याच्या स्वभावाच्या जडणघडणीचा असतो. या वयात माणसे, लहान मुले, गुरे, वाहनांचे आवाज, ब्रश आणि नखे कापण्याचे साधन यांची सौम्य ओळख करून दिल्यास पुढे भीती राहत नाही. मात्र लसीकरण पूर्ण होईपर्यंत भटक्या श्वानांचा वावर असलेल्या जागी पिलाला जमिनीवर सोडू नये. कडेवर घेऊन फिरवावे.

श्वान अस्वस्थ झाला की आधी शरीराच्या खुणांनी सांगतो. ओठ चाटणे, वारंवार जांभई देणे, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणे, अंग ताठ करणे या त्या खुणा होत. गुरगुरणे ही त्यापुढची पायरी. गुरगुरला म्हणून मारल्यास तो गुरगुरणे सोडतो, परंतु भीती सोडत नाही. पुढच्या वेळी पूर्वसूचनेशिवाय चावतो. म्हणून अशी खूण दिसताच हात थांबवावा, क्षणभर विसावा द्यावा आणि सोप्या भागापासून पुन्हा आरंभ करावा.

केसांची रचना आणि उन्हाळ्यातील मुंडण

स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला थर मऊ, दाट लवेचा आणि बाहेरचा थर लांब, सरळ, किंचित राठ केसांचा. बाहेरचा थर ऊन व पाणी थेट त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही. आतली लव मोकळी व विंचरलेली असेल तर तिच्यात हवा खेळती राहते. ऋतू बदलताना ही लव मोठ्या प्रमाणावर गळते. गळलेली लव वेळीच काढली नाही तर ती जागीच अडकून तिचा नमदा बनतो. मग हवा अडते, घाम्या हवेत ओल साचते आणि त्वचेला दाह होतो.

भिलाई परिसरात मे महिन्यात पारा ४४ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी श्वानाला गारवा मिळावा या सद्‌हेतूने अनेक जण त्याचे केस वस्तऱ्याने किंवा यंत्राने मुळापासून काढतात. हा उपाय बहुधा अपायकारक ठरतो. श्वान माणसाप्रमाणे सर्वांगातून घाम गाळून शरीर थंड करीत नाही. त्याच्या घर्मग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या गादीत असतात आणि शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. केस काढल्याने धापा टाकण्याची क्षमता वाढत नाही. उलट पांढऱ्या स्पिट्झची गुलाबी त्वचा उन्हात उघडी पडून भाजते. शिवाय स्पिट्झ घराण्यातील श्वानांत मुंडणानंतर केस पुन्हा न उगवण्याचा किंवा उगवायला अनेक महिने लागण्याचा दोष आढळतो. आतली लव आधी उगवते, राठ केस मागे राहतात आणि पोत कायमचा बिघडतो.

उन्हाळ्यातील योग्य उपाय म्हणजे गळलेली लव विंचरून काढणे. पंजांच्या तळव्यांमधील, गुदद्वाराभोवतीचे व मांडीमागचे केस स्वच्छतेपुरते थोडे छाटावेत. शस्त्रक्रिया, जखम किंवा त्वचारोग यांसाठी पशुवैद्यकाने सांगितल्यास मुंडण करणे ही वेगळी बाब आहे.

खरारा कसा करावा

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. बारीक तारांचा स्लिकर ब्रश, विरळ व दाट अशा दोन प्रकारच्या दात्यांचा धातूचा कंगवा, फवारणीची पाण्याची बाटली आणि एक जुना टॉवेल एवढे पुरे. एरवी आठवड्यातून तीनदा आणि लव गळण्याच्या दिवसांत रोज १० ते १५ मिनिटे द्यावीत.

१. श्वान शांत असताना, फिरून आल्यानंतर, घसरणार नाही अशा पृष्ठभागावर त्याला उभे किंवा आडवे करावे.

२. केसांवर पाण्याचा हलका फवारा मारावा. अगदी कोरडे केस विंचरल्यास तुटतात.

३. मागच्या पायाच्या तळाकडून आरंभ करावा. एका हाताने केस वर धरावेत आणि त्वचा दिसेल अशी रेघ पाडावी. रेघेखालचे केस मुळापासून टोकापर्यंत विंचरावेत आणि मग बोटभर वर सरकून पुढची रेघ घ्यावी. वरवर ब्रश फिरवल्यास बाहेरचे केस चमकतात, पण आतला गुंता तसाच राहतो.

४. कानांमागे, काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी गुंता प्रथम होतो. गाठ बोटांनी सुटी करून टोकाकडून कंगव्याने उकलावी. ती त्वचेला चिकटलेली असल्यास कात्री चालवू नये. गाठीबरोबर त्वचा वर उचलली जाऊन कापली जाते. अशा वेळी पशुवैद्यकाची किंवा अनुभवी व्यक्तीची मदत घ्यावी.

५. शेवटी दाट दात्यांचा कंगवा सर्वांगावरून फिरवावा. तो कोठेही न अडकता गेला, की काम पूर्ण झाले.

६. मध्ये मध्ये आणि अखेरीस खाऊचा लहान तुकडा द्यावा. घाई असलेल्या दिवशी अर्धेच अंग विंचरावे, पण बळजबरी करू नये.

बोटांनी काय शोधावे

ब्रश बाजूला ठेवून दोन मिनिटे सर्वांगावरून हात फिरवावा. नाकापासून शेपटीपर्यंत एकच क्रम ठेवल्यास काही सुटत नाही.

डोळे : डोळ्यांच्या कोपऱ्यातील साधा ओलावा ओल्या कापसाने पुसावा. पिवळा-हिरवा स्राव, लाली किंवा डोळा मिटून धरणे ही तातडीची लक्षणे समजावीत.

हिरड्या : ओठ वर करून पाहाव्यात. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. फिकट किंवा पिवळसर हिरड्या हे गोचीडतापाचे लक्षण असू शकते.

दात : प्रौढ श्वानाला ४२ दात असतात. लहान जबड्यात ते दाटीने बसत असल्याने कीट लवकर साचते. मऊ ब्रश व श्वानांसाठीची पेस्ट वापरावी. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे पडले नसतील तर पशुवैद्यकाला दाखवावेत.

कान : आतून दुर्गंधी, काळपट मळ किंवा वारंवार डोके झटकणे याकडे लक्ष द्यावे. कानाच्या नळीत काडी घालू नये.

मान : स्पिट्झ व पॉमेरेनियन यांच्यात श्वासनलिका कमकुवत असण्याची प्रवृत्ती आढळते. ओढल्यावर हंसाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येत असेल तर गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा वापरावा.

छाती व पोट : बरगड्या हलक्या दाबाने हाताला लागल्या पाहिजेत. दाट केसांमुळे वाढलेले किंवा घटलेले वजन डोळ्यांना कळत नाही. पोटाच्या उघड्या त्वचेवर लाल-जांभळे ठिपके दिसल्यास विलंब करू नये.

मागचे पाय : चालताना मध्येच एक पाय उचलून दोन-तीन उड्या घेणे हे गुडघ्याची वाटी सरकण्याचे लक्षण असू शकते.

पंजे व नखे : बोटांच्या बेचक्यांत गोचीड, कुसळे व चिखल अडकतो. फरशीवर टकटक आवाज येऊ लागला की नखे वाढली असे समजावे. नखातील गुलाबी रक्तवाहिनीचा भाग सोडून केवळ टोक कापावे. चुकून रक्त आल्यास तुरटीची पूड दाबून धरावी.

गोचीड : गायीचे व श्वानाचे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. गायीवर सामान्यतः आढळणारा गोचीड अळी, अप्सरा व प्रौढ या तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढतो. श्वानावरील तपकिरी गोचीड मात्र प्रत्येक अवस्थेनंतर श्वानाला सोडून खाली उतरतो, भिंतीच्या फटीत, पायदाणाखाली किंवा पलंगाच्या सांध्यात कात टाकतो आणि पुन्हा श्वानावर चढतो. रक्त पिऊन फुगलेली मादी अशाच फटींत हजारोंच्या संख्येने अंडी घालते. म्हणजे श्वानाच्या अंगावर दिसणारे गोचीड हा एकूण संख्येचा लहानसा अंश असतो. उरलेले घरात असतात. केवळ श्वानावर औषध लावून ते संपत नाहीत, याचे कारण हेच. फटी बुजवणे, अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन उन्हात टाकणे आणि भिंतींचे वरचे कोपरे साफ करणे ही उपचाराचीच अंगे आहेत.

हा गोचीड अर्लिकिया व बबेसिया या रोगजंतूंचा प्रसार करतो. ताप, खाणे सोडणे, सुस्ती, नाकातून रक्त, फिकट हिरड्या, गडद लघवी ही त्याची लक्षणे होत. श्वानाचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. गोचीड आढळल्यानंतर काही आठवड्यांच्या आत यांपैकी काहीही दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. वेळीच निदान झाल्यास बहुतेक श्वान बरे होतात. उशीर झाल्यास रक्तस्राव व रक्तक्षय प्राणघातक ठरतात. दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही या परिसरातील पशुपालकांची मोठी सोय होय.

अंगावरचा गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावा. त्यावर रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे किंवा तो बोटांनी चिरडणे टाळावे. काढलेले गोचीड साबणाच्या पाण्यात टाकावेत.

आता औषधाविषयी. गोठ्यातील गोचिडांसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ यांचे उरलेले द्रावण श्वानालाही चोळणे, इतकेच नव्हे तर धानावर फवारायचे कीटकनाशक पाण्यात मिसळून त्याला न्हाऊ घालणे, असे प्रकार ग्रामीण भागात घडतात. हे विषप्रयोगासमान आहे. चारशे किलोच्या गायीसाठी बनवलेले प्रमाण सहा किलोच्या श्वानाला लागू पडत नाही. शिवाय श्वान अंग चाटतो आणि त्वचेवरचे औषध थेट पोटात जाते. दाट लव द्रावण धरून ठेवते, त्यामुळे ते त्वचेशी अधिक काळ राहते. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचेही तसेच. गुरांसाठीच्या एक टक्का द्रावणाचा एक मिलिलिटर सुमारे ५० किलो वजनाच्या जनावरासाठी असतो. सहा किलोच्या श्वानाला तेवढाच टोचल्यास त्याच प्रमाणाच्या आठपट औषध शरीरात जाते. पशुवैद्यकाशिवाय हे इंजेक्शन श्वानाला देऊ नये.

लाळ गळणे, उलटी, स्नायू थरथरणे, बाहुल्या आकसणे, झोकांड्या जाणे किंवा अतिशय सुस्ती ही विषबाधेची लक्षणे होत. हातमोजे घालून, भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने अंग धुवावे, टॉवेल गुंडाळून चाटणे थांबवावे, स्वतः उलटी करवू नये आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. बाटलीवरील घटकाचे नाव कळल्यास योग्य उतारा देणे सोपे जाते. श्वानांसाठी मानेवर टाकायचे थेंब व तोंडावाटे द्यायच्या गोळ्या वजनाच्या गटांनुसार मिळतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यांचाच वापर करावा.

स्नान

तीन ते चार आठवड्यांतून एकदा स्नान पुरेसे आहे. श्वानाची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ व कमी आम्लधर्मी असल्याने माणसांचा साबण किंवा शाम्पू तिला रुक्ष करतो. स्नानापूर्वी विंचरणे अनिवार्य आहे, कारण ओल्या झालेल्या गाठी अधिक आवळतात. पाणी कोमट असावे, कानांत जाऊ देऊ नये आणि शाम्पूचा अंश पूर्ण निघेपर्यंत अंग धुवावे. त्यानंतर टॉवेलने टिपून, पंख्याच्या किंवा मंद ड्रायरच्या वाऱ्यात केस उलट दिशेने विंचरत मुळापर्यंत वाळवावेत. वरून कोरडा दिसणारा स्पिट्झ आतून तासन्‌तास ओला असू शकतो. पावसाळ्यात हीच ओल बुरशी व चिघळणाऱ्या जखमांचे मूळ ठरते.

ऋतूनुसार निगा

उन्हाळा : सकाळी लवकर व सूर्यास्तानंतरच फिरवावे. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेववत नसेल तर तेथे श्वानाला चालवू नये. सावली व ताजे पाणी सतत असावे. अतिवेगाने धापा टाकणे, गडद लाल हिरड्या, दाट लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची चिन्हे होत. श्वानाला लगेच सावलीत आणावे, पोट, जांघा व पंजे साध्या थंड पाण्याने भिजवून पंखा लावावा आणि मग दवाखान्यात न्यावे.

पावसाळा : बांधावरून आल्यावर पंजे व पोट धुऊन कोरडे करावे. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा जंतू पसरतात. हा रोग श्वानाला व धानात काम करणाऱ्या माणसालाही होतो. प्रतिबंधक लसीविषयी पशुवैद्यकाला विचारावे आणि शेतातले साचलेले पाणी श्वानाला पिऊ देऊ नये.

हिवाळा : लव दाट होते, तेव्हा विंचरण्याची वारंवारता वाढवावी. स्नान दुपारच्या उन्हात घालावे.

लसीकरण आणि पिलाची निवड

रेबीजची पहिली लस साधारणपणे वयाच्या तिसऱ्या महिन्यात द्यावी आणि पुढे पशुवैद्यकाने दिलेल्या तारखेनुसार ती चालू ठेवावी. घरातला लहान श्वान बाहेर जात नाही, म्हणून लस नको, हा समज घातक आहे. भटका श्वान किंवा मुंगूस अंगणात येण्यास एक क्षण पुरतो. कोणत्याही श्वानाने चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना किंवा तिखट लावू नये. डिस्टेंपर व पार्व्हो यांच्या लसी आणि जंतनाशक यांचे वेळापत्रकही पाळावे.

पिलू विकत घेताना २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांची आठवण ठेवावी. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकता येत नाही आणि पैदासकाराची नोंदणी असणे बंधनकारक आहे. पिलाची आई प्रत्यक्ष पाहावी, तिची वागणूक व आरोग्य तपासावे. अलीकडे शिह त्झू व पग यांची मागणी वाढली आहे. परंतु चपट्या नाकामुळे धापा टाकून शरीर थंड करण्याची त्यांची क्षमता मर्यादित असते. भिलाईच्या उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीची सोय नसलेल्या घराने त्यांची निवड करण्यापूर्वी पुनर्विचार करावा. लांब नाकाचा भारतीय स्पिट्झ या हवेत त्या मानाने सुखाने राहतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गोठ्याच्या भेटीत दारातील श्वानाविषयी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. रेबीजची लस केव्हा दिली, गोचिडांसाठी काय वापरले आणि उन्हाळ्यात केस कापले काय, हे ते तीन प्रश्न होत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा गोठ्यातील फडताळावरच्या बाटलीपर्यंत नेईल. तेथेच थांबून धोका समजावून सांगावा. रेघ पाडून विंचरण्याची पद्धत एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. घरातील ज्या व्यक्तीच्या हाताची श्वानाला सवय आहे, तिच्याच हाती ब्रश द्यावा. अनेक घरांत ती गृहिणी किंवा शाळकरी मूल असते.

खरारा शेतकऱ्याला नवा नाही. जो हात बैलाच्या पाठीवरची सूज अंधारातही ओळखतो, तोच हात स्पिट्झच्या पांढऱ्या केसांखालचा मोहरीएवढा गोचीड शोधू शकतो. त्यासाठी आठवड्यातून तीन वेळा पंधरा मिनिटे शांतपणे त्याच्याजवळ बसावे लागते. या वेळेत श्वानाला माणसाचा हात कळतो आणि माणसाला श्वानाचे नेहमीचे शरीर कळते. नेहमीचे काय, हे ठाऊक असले म्हणजेच वेगळे काय झाले ते वेळेवर ध्यानात येते आणि उपचाराला उशीर होत नाही.